परमिट परत आल्याशिवाय लाइन चार्ज करायची नाही: कर्नलमधल्या डिव्हाइसची रेफरन्स मोजणी

आमच्या गावाला वीज देणारं 33/11 केव्हीचं उपकेंद्र वेशीपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. मृगाच्या आधी तारांना लागलेल्या बाभळी-कडुनिंबाच्या फांद्या तोडायचं काम निघतं. खांबावर चढण्याआधी लाइनमन उपकेंद्रातून परमिट, म्हणजे लाइन बंद ठेवून काम करायची परवानगी, घेतो. एकाच फीडरवर तीन टोळ्या तीन शिवारांत कामाला असल्या तर परमिटंही तीन. ऑपरेटर रजिस्टरात लिहून ठेवतो: कोणी घेतलं, किती वाजता, कशासाठी. काम आटोपलं की ज्यानं घेतलं त्यानंच परत करायचं. दोन परत आली, तिसऱ्याचा फोन लागत नाही, इकडे मे महिन्याचं ऊन, गावातून फोनवर फोन, तरी ऑपरेटरचं उत्तर ठरलेलं: "एक परमिट बाकी हाय भाऊ. लाइन नाई देत."

लिनक्स कर्नलमधली, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातली, रेफरन्स मोजणी म्हणजे हेच काम. एखादा ऑब्जेक्ट किती जण वापरताहेत त्याचा आकडा ठेवायचा आणि तो शून्यावर आला की मगच मेमरी मोकळी करायची. फरक एवढाच की उपकेंद्राच्या रजिस्टरात नावं असतात आणि कर्नलच्या खात्यात नुसता आकडा. नवशिक्यांचे बहुतेक घोटाळे या फरकातूनच होतात, म्हणून मी शिकवताना नावांपासून सुरुवात करतो.

हा लेख ज्यांना सी येतं आणि ज्यांनी एखादं छोटं मॉड्यूल लोड करून पाहिलंय त्यांच्यासाठी आहे. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. कोड लिहिताना कर्नलच्या केरेफ.एच, रेफकाउंट.एच आणि डिव्हाइस.एच या हेडर फाइली शेजारी उघड्या ठेवा.

आधी माझी चूक

काही वर्षांपूर्वी एका जिनिंगवर कापसाच्या काट्याचं वजन संगणकात घ्यायचं काम माझ्याकडे आलं. काट्याच्या डिस्प्लेमधून सिरियल केबल निघायची, पुढे यूएसबीचा कन्व्हर्टर. त्या कन्व्हर्टरसाठी लिनक्समध्ये तयार ड्रायव्हर होताच. पण मला शिकायची खाज, म्हणून मी स्वतःचा लिहिला.

दिवाळीनंतरचे दिवस, फाटकाबाहेर कापसाच्या ट्रॉल्यांची रांग. काट्यावरच्या पोरानं मोबाइल चार्जिंगला लावायचा म्हणून कन्व्हर्टर उपसला आणि पाच मिनिटांनी परत खोचला. डिव्हाइस निघालं की चालणाऱ्या माझ्या ड्रायव्हरच्या डिस्कनेक्ट फंक्शननं सरळ केफ्री, म्हणजे मेमरी मोकळी, करून टाकलं होतं. वजन वाचणाऱ्या प्रोग्रामनं मात्र डिव्हाइसची फाइल उघडीच ठेवलेली. म्हणजे माणूस खांबावर आणि लाइन चार्ज.

संगणक लगेच बंद पडला असता तर बरं झालं असतं. तो चालू राहिला. मोकळी झालेली मेमरी कर्नलनं दुसऱ्याच कुणाला दिली होती आणि माझा ड्रायव्हर अजून तिच्यात लिहीत होता. काही वेळानं काट्याशी काडीचा संबंध नसलेल्या ठिकाणी सगळं गोठलं. त्या दिवशी वजनं वहीत लिहिली गेली आणि कास्तकारांच्या शिव्या मी खाल्ल्या. चूक माझीच होती. ती शोधायला मला आठवडा लागला, कारण ओरड एका जागी होत होती आणि दुखणं दुसऱ्या.

पायरी 1: कोड नंतर, आधी कागदावर नावं

एक वही घ्या आणि लिहा: या ऑब्जेक्टचं परमिट कोणाकोणाकडे असेल? माझ्या काट्याची यादी अशी झाली असती.

पहिलं, प्रोब. डिव्हाइस सापडलं तेव्हा ऑब्जेक्ट बनवला, हे त्याचं स्वतःचं परमिट. परत कोण करणार? डिस्कनेक्ट.

दुसरं, उघडलेली प्रत्येक फाइल. ओपनमध्ये घेतलं, रिलीजमध्ये परत. दोन प्रोग्रामांनी वेगवेगळं ओपन केलं तर परमिटं दोन.

तिसरं, मागे रांगेत लावलेलं काम, म्हणजे वर्कक्यू. रांगेत टाकण्याआधी घेतलं, काम संपताना परत.

प्रत्येक नावापुढे "परत कोण करणार" हा रकाना भरला पाहिजे. जिथे तो रिकामा राहतो तिथे पुढे कोडमध्ये भोक पडतं. कोडमध्ये परमिट घेणं म्हणजे "गेट", परत करणं म्हणजे "पुट". मी अजूनही प्रत्येक "गेट"च्या वर एका ओळीची टिप्पणी लिहितो: हे कोणाचं आणि कुठे सुटतं. रिव्ह्यू करणारे कधीकधी हसतात. हसू द्या.

पायरी 2: केरेफ बसवा

केरेफ म्हणजे कर्नलमधला मोजणीचा तयार आकडा. स्वतःच्या स्ट्रक्टमध्ये "स्ट्रक्ट केरेफ" हा सदस्य ठेवा, त्याचा पॉइंटर नाही, तो स्वतः. मेमरी घेतली की लगेच केरेफ_इनिट करा. त्यानं आकडा 1 होतो, शून्य नाही. तो 1 म्हणजे यादीतलं पहिलं नाव, प्रोबचं. पुष्कळ जण इनिटनंतर लगेच एक केरेफ_गेट मारतात, "आपण वापरतोय ना" म्हणून. मग आकडा 2 होतो, परत एकच येतो आणि ऑब्जेक्ट कधीच मरत नाही.

यानंतर नियम तीन. कर्नलच्या स्वतःच्या दस्तावेजातही तेच आहेत. इथे आपल्या भाषेत.

पॉइंटरची टिकणारी नक्कल दुसऱ्याच्या हाती द्यायची असेल, विशेषतः दुसऱ्या थ्रेडच्या, तर देण्याआधी केरेफ_गेट. आधी, नंतर नाही. आधी माणूस खांबावर चढवून मग परमिट लिहायला बसलं तर मधल्या मिनिटात काय होईल ते सांगायला नको.

काम संपलं की केरेफ_पुट, आणि त्यानंतर त्या पॉइंटरला हात लावायचा नाही. छापायलाही नाही. पुटनंतर प्रिंटकेमध्ये "काटा मोकळा केला" म्हणून त्याच स्ट्रक्टमधलं नाव छापणारा कोड मी स्वतः लिहिलेला आहे.

तिसरा नियम: तुमच्या हातात परमिट नसताना यादीतून ऑब्जेक्ट शोधून त्याचं परमिट घ्यायचं असेल, तर त्या क्षणी दुसरा कुणी शेवटचं पुट करू शकणार नाही याची सोय, म्हणजे लॉक, आधी हवी. हा नियम दिसतो साधा, पण खरी मारामारी इथेच आहे. त्यावर पायरी 4.

पायरी 3: शेवटचा माणूस दिवा मालवतो, पण कुठे उभा राहून?

केरेफ_पुटला दुसरा आर्ग्युमेंट म्हणून रिलीज फंक्शन द्यावं लागतं. आकडा शून्य झाला की ते चालतं. त्यात केरेफच्या पॉइंटरवरून कंटेनर_ऑफ लावून आपला पूर्ण ऑब्जेक्ट काढायचा, त्यानं धरलेलं सगळं सोडायचं (यूएसबीच्या बाबतीत यूएसबी_पुट_डेव्ह, बफर वगैरे) आणि शेवटी केफ्री.

हे फंक्शन कोणाच्या हातून चालेल ते तुमच्या ताब्यात नसतं. जो शेवटचा पुट करेल तो. प्रोग्राम बंद करणारा युजर असेल, डिस्कनेक्ट असेल, किंवा इंटरप्टमध्ये, म्हणजे हार्डवेअरनं मध्येच हाक दिल्यावर, चाललेला कोडही असेल. इंटरप्टमधून पुट होण्याची शक्यता असेल तर रिलीजमध्ये झोपणारं काहीही नको. म्यूटेक्स नको, वाट पाहणं नको.

आता हा तुकडा नीट बघा. काट्याच्या दुसऱ्या आवृत्तीत मी लिहिलेला आहे, लाज वाटते तरी दाखवतो:

    म्यूटेक्स_लॉक(&काटा->लॉक);
    काटा->गेला = 1;
    केरेफ_पुट(&काटा->मोजणी, काटा_संपवा);
    म्यूटेक्स_अनलॉक(&काटा->लॉक);

वाचताना काही खटकत नाही. पण लॉक आहे कुठे? काट्याच्या पोटात. तिसऱ्या ओळीत आकडा शून्य झाला तर काटा संपला, त्याच्यासोबत लॉकही संपलं, आणि चौथी ओळ नसलेल्या दाराचं कुलूप उघडते. उलट, काटा_संपवा याच लॉकला हात घालत असेल तर तिसऱ्या ओळीवरच गाडी कायमची अडकते. ओळ तीन आणि चारची अदलाबदल केली की दोन्ही दुखणी जातात. आधी अनलॉक, मग पुट.

पायरी 4: शोधून घेणाऱ्याची शर्यत

समजा डिव्हाइसची एक जागतिक यादी आहे. एक थ्रेड यादीतून काटा शोधतो. दुसरा त्याच वेळी शेवटचं पुट करतो. पहिल्याला पॉइंटर सापडला, त्यानं केरेफ_गेट करेपर्यंत दुसऱ्यानं मेमरी मोकळी केली. पहिल्याच्या हाती आलं ते परमिट मेलेल्या फीडरचं.

सरळ उपाय असा: शोधणं आणि गेट करणं एकाच लॉकखाली, आणि यादीतून काढून टाकणंही त्याच लॉकखाली, तेही यादीनं धरलेलं परमिट सोडण्याआधी. यादी स्वतः एक परमिट धरून असेल तर तिच्यात सापडलेल्याचा आकडा शून्य असूच शकत नाही. नवख्यांनी हाच मार्ग धरावा.

यादीनं परमिट न धरता नुसतं नाव ठेवायचं असेल तर केरेफ_गेट_अनलेस_झिरो आहे. आकडा शून्य नसेल तरच ते वाढवतं आणि जमलं की नाही ते सांगतं. ऑपरेटरच्या भाषेत: "आता चार्जिंग सुरू केलं, तुला नाई देता येत." त्याचं उत्तर तपासलंच पाहिजे. आणि ज्या जागी आकडा आहे ती मेमरी तोवर शाबूत हवी, म्हणजे लॉक तरी हवं नाहीतर आरसीयू (वाचणारे आटोपेपर्यंत मेमरी मोकळी करणं लांबवायची कर्नलची सोय), आणि आरसीयू असेल तर केफ्रीऐवजी केफ्री_आरसीयू. "अनलेस झिरो वापरलं, आता लॉक कशाला" असा समज मी कितीतरी पॅचांत पाहिलाय. मेमरीच गेलेली असेल तर शून्य तपासणार कुठे?

याच घरातली आणखी एक चूक: केरेफ_रीडनं आकडा वाचून "1 आहे म्हणजे मी एकटाच" असा निर्णय घेणं. वाचेपर्यंत तो बदललेला असू शकतो. आकडा डीबगसाठी छापा, त्यावर काही ठरवू नका.

वर्कक्यूचं एक बारीक टोक इथेच सांगतो. शेड्यूल_वर्कच्या आधी गेट केलं, पण ते काम आधीच रांगेत असेल तर शेड्यूल_वर्क फॉल्स परत देतं. काम एकदाच चालणार, पुटही एकदाच होणार, तुमचं गेट मात्र दोनदा झालं. फॉल्स आलं तर तिथल्या तिथे पुट करा. कॅन्सल_वर्क_सिंकनं ट्रू दिलं, म्हणजे रांगेतलं काम न चालताच निघालं, तर त्या कामाच्या नावाचं परमिटही तुम्हीच परत करायचं.

पायरी 5: मेमरी जिवंत, डिव्हाइस मेलेलं

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. आकडा एवढंच सांगतो की मेमरी आहे. वायर लावलेली आहे की नाही, हे तो सांगत नाही. कन्व्हर्टर उपसल्यावर प्रोग्रामकडे फाइल उघडी आहे, ऑब्जेक्ट आहे, आकडा 1 आहे, सगळं कायदेशीर. फक्त पलीकडे काटा नाही.

म्हणून वेगळं निशाण ठेवा, "गेला". वाचण्या-लिहिण्याच्या प्रत्येक रस्त्यावर लॉक घेऊन ते तपासा, आणि गेला असेल तर ईनोडेव्ह, म्हणजे "असं डिव्हाइस नाही" हा एरर, परत द्या. डिस्कनेक्टमधला क्रमही ठरलेला आहे. आधी यूएसबी_डीरजिस्टर_डेव्ह, म्हणजे नवीन ओपन येणार नाहीत. मग लॉकखाली निशाण लावायचं. मग चालू असलेले यूआरबी, म्हणजे यूएसबीवरून डेटा नेण्या-आणण्याच्या विनंत्या, यूएसबी_किल_यूआरबीनं थांबवायचे. सगळ्यात शेवटी आपलं पुट. कर्नलच्या सोर्समध्ये यूएसबी-स्केलेटन नावाचा नमुना ड्रायव्हर आहे, त्यात हाच क्रम आहे. तो फाइल उघडून ओळीनं वाचा. एका संध्याकाळचं काम आहे, लाइन असली तर.

इथे डेव्हएम कुटुंबाबद्दल सावध करतो. डेव्हएम_केझेडअलॉक फार सोयीचं: ड्रायव्हर सुटला की मेमरी आपोआप मोकळी. पण ते "आपोआप" तुमचा आकडा बघत नाही. ड्रायव्हर अनबाइंड झाला की मेमरी गेली, फाइल उघडी असो वा नसो. युजरच्या फाइलमधून जिथे पोहोचता येतं ती मेमरी डेव्हएमनं घेऊ नका. क्लॉक, इंटरप्ट, रजिस्टरांचं मॅपिंग यांना खुशाल वापरा.

पायरी 6: स्ट्रक्ट डिव्हाइस असेल तर

तुमच्या ऑब्जेक्टच्या पोटात स्ट्रक्ट डिव्हाइस असेल तर वेगळा केरेफ घालू नका. डिव्हाइसमध्ये केऑब्जेक्ट (कर्नलचा मूळ ऑब्जेक्ट) असतो, केऑब्जेक्टमध्ये केरेफ. एका घरात दोन रजिस्टरं ठेवली की एक शून्य दाखवतं, दुसरं दोन, आणि मग भांडण. गेट_डिव्हाइस आणि पुट_डिव्हाइस एवढंच वापरा.

डिव्हाइस_इनिशियलाइज एकदा झालं की केफ्री विसरा. डिव्हाइस_रजिस्टर फसलं, एरर आला, तरीही पुट_डिव्हाइसच. लोक इथे हमखास चुकतात, कारण एरर आला म्हणजे काही झालंच नाही असं वाटतं. पण आतमध्ये आकडा 1 झालेला असतो, डेव्ह_सेट_नेमनं नावासाठी मेमरी घेतलेली असते, आणि थेट केफ्री केलं तर ती नावाची मेमरी गळते.

रिलीज फंक्शन दिलं नाही तर डिव्हाइस मोकळं होताना कर्नल लॉगमध्ये स्पष्ट बोलतो की या डिव्हाइसला रिलीज नाही, हे मोडलेलं आहे, दुरुस्त करा. त्यावर उतारा म्हणून रिकामं रिलीज देणारे महाभाग आहेत. तोंड बंद होतं, रोग तसाच राहतो.

आणखी एक: जी फंक्शनं शोधून देतात ती बहुतेक परमिटासकट देतात. बस_फाइंड_डिव्हाइस, क्लास_फाइंड_डिव्हाइस, ऑफ_फाइंड_डिव्हाइस_बाय_नोड, या सगळ्यांनंतर पुट_डिव्हाइस तुमच्या अंगावर. फॉर_ईच_चाइल्ड_ऑफ_नोड या लूपमधून मध्येच ब्रेक किंवा रिटर्न केलं तर ऑफ_नोड_पुट करावं लागतं. लूप शेवटपर्यंत गेला तर ते आपोआप होतं, म्हणूनच ब्रेकवाला रस्ता विसरला जातो.

आकडाच फिरला तर?

थोडं आडवळण, पण माहीत असावं. जानेवारी 2016 मध्ये सीव्हीई-2016-0728 (सुरक्षेच्या चुकांच्या जाहीर यादीतला क्रमांक) ही लिनक्सच्या कीरिंगमधली, म्हणजे किल्ल्या सांभाळणाऱ्या भागातली, चूक उघड झाली. एका एरर रस्त्यावर पुट राहून गेलं होतं. तीच कॉल पुन्हा पुन्हा केली की 32 बिटांचा आकडा वाढत वाढत पूर्ण फिरून शून्यावर यायचा, ऑब्जेक्ट वापरात असताना मोकळा व्हायचा, आणि साध्या युजरला रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, होता यायचं. म्हणजे नुसती गळती वाटणारी चूक घरफोडीपर्यंत गेली. कर्नल 3.8 पासून ती तिथे होती.

2017 मध्ये आवृत्ती 4.11 पासून रेफकाउंट_टी हा खास मोजणीसाठीचा प्रकार आला आणि केरेफही त्यावर बसला. हा आकडा फिरत नाही. टोकाला गेला की तिथेच अडकून बसतो आणि इशारा देतो. मेमरी गळते, पण मोकळी होत नाही. शून्यावरून वाढवायला गेलात किंवा शून्याच्या खाली गेलात तरी लॉगमध्ये "रेफकाउंट_टी" नं सुरू होणारी ओळ आणि "यूज-आफ्टर-फ्री" हे शब्द दिसतात. जुन्या कोडमध्ये अटॉमिक_टीनं हातानं मोजणी केलेली दिसली तर ती तशीच नक्कल करू नका.

पायरी 7: मुद्दाम वायर उपसा

खऱ्या मशीनवर नको, क्यूईएमयूमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरनं बनवलेल्या नकली मशीनमध्ये. कर्नल बांधताना केएसॅन, केमेमलीक आणि डीबग_केऑब्जेक्ट_रिलीज हे तीन पर्याय चालू करा. केएसॅन मोकळ्या मेमरीला हात लागला की तिथल्या तिथे पकडतं. कोणी घेतली, कोणी सोडली, कोणी हात लावला, तिन्ही ठिकाणं छापतं. केमेमलीक गळलेली मेमरी शोधतं. माझा तो आठवडा पाच मिनिटांवर आला असता. तिसरा पर्याय खट्याळ आहे: केऑब्जेक्टचं रिलीज मुद्दाम काही सेकंद उशिरा चालवतो. "पुट केलं म्हणजे लगेच मेला" असं धरून लिहिलेला कोड त्यात उताणा पडतो. हे सगळं चालू करून कर्नल बांधायला जुन्या लॅपटॉपला रात्र जाते. मी शेतातल्या पंपाला रात्रीची थ्री फेज असते त्या आठवड्यात बांधायला लावतो, नाहीतरी जागरण असतंच.

मग फाइल उघडी ठेवून वाचणारा छोटा प्रोग्राम चालवा आणि सिसएफएसमध्ये (कर्नल आपली डिव्हाइसं-ड्रायव्हर फाइलींच्या रूपात दाखवतो ती जागा) ड्रायव्हरच्या अनबाइंड फाइलीत इंटरफेसचं नाव लिहा. वायर न उपसता डिस्कनेक्ट होतं. वाचणाऱ्याला ईनोडेव्ह मिळायला हवा, लॉग शांत राहायला हवा. नंतर प्रोग्राम बंद करा आणि रिलीजमध्ये टाकलेला संदेश तेव्हाच आला का ते बघा. प्रोग्राम बंद व्हायच्या आधी आला तर पुट एक जास्त आहे, आलाच नाही तर एक कमी.

हे शंभर वेळा लूपमध्ये फिरवा आणि मग केमेमलीकच्या फाइलीत स्कॅन लिहा. पहिल्या स्कॅनवर भरवसा ठेवू नका, थोडं थांबून दुसरा करा. दोन्हींत तोच पत्ता दिसला तर वही काढा आणि कोणत्या नावापुढचा रकाना रिकामा आहे ते शोधा. नेटवर्क डिव्हाइसमध्ये काम करत असाल तर आवृत्ती 5.17 पासून रेफ_ट्रॅकर आहे. तो प्रत्येक परमिटामागे ते घेणाऱ्याचा पत्ता ठेवतो. "अनरजिस्टर_नेटडिव्हाइस, वेटिंग" अशी दर काही सेकंदांनी येणारी ओळ आणि पुढे अडकलेला युसेज काउंट ज्यांनी पाहिलाय त्यांना त्याचं मोल कळेल. शेवटी कर्नललाही रजिस्टरात नावं लिहावी लागलीच.

त्या जिनिंगवर आता कर्नलसोबत येणारा तयार ड्रायव्हर चालतो. माझा लॅपटॉपवर आहे, क्यूईएमयूमध्ये, आणि अधूनमधून मी त्याची वायर उपसतो.